दोनशे तेरावी ओळ

"आज हत्यार चालत न्हाई, मॅडम."

सुतारमामा मशीनच्या कंट्रोल कॅबिनेटसमोर पाय रोवून उभे होते. एका हातात ओला फडका होता आणि दुसरा हात दाराच्या कडीवर. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन सकाळी आठलाच हजर झाले होते, कारण खंडेनवमीला कारखान्यातली झाडून सगळी मशीनं बंद असतात आणि मला हे मशीन बंदच हवं होतं.

"मशीन चालवायचंच नाहीये," मी म्हटलं. "नुसता त्याचा कम्प्युटर सुरू करून डिस्क कॉपी करायची आहे. तासाभराचं काम."

"कम्प्युटर बी हत्यारच."

"तो कधीपासून हत्यार झाला?"

"ज्येच्यावर आमचं पोट हाय ते हत्यार. आज त्येची पूजा. परवा चालू करा."

"आणि परवापर्यंत डिस्क मेली तर? आवाज ऐकलाय ना तुम्ही तिचा?"

"तुमच्या आधी मीच ऐकलाय," ते म्हणाले आणि पाठ फिरवून कॅबिनेटचं दार पुसायला लागले.

हे मात्र खरं होतं. महिन्यापूर्वी डिस्कमधून टकटक ऐकू येते म्हणून पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं होतं, आणि मला ते नाही आवडलं. मला त्यांचं काहीच आवडत नव्हतं. कानावरची पेन्सिल, मी बोलत असताना छताकडे बघणं, आणि 'मॅडम' हा शब्द ते ज्या तऱ्हेने उच्चारत ती तऱ्हा तर अजिबात नाही. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, मी मुद्दाम 'सुतार' म्हणायचे. मी सव्वीस वर्षांची होते आणि नाशिकहून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं.

आमच्याकडे पॅटर्न बनायचे. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात फाउंड्रीवाले लोखंड ओततात. सुतारमामांनी वीस-बावीस वर्षं ते हाताने, पटाशी आणि रंध्याने केले. मग मालकांनी, म्हणजे अण्णासाहेब इंगवल्यांनी, एक जुनं मशीन घेतलं. त्याला जोडलेला कम्प्युटर लिनक्स या प्रणालीवर चालायचा. मशीन जुनं, त्याचे स्क्रू झिजलेले. तीनशे मिलिमीटर सरक म्हटलं तर कुठे केसभर जास्त सरकणार, कुठे केसभर कमी. कुठल्या जागी किती चुकतं ते मामांनी आठ वर्षं डायल, म्हणजे काट्याचं मापयंत्र, लावून मोजलं होतं आणि त्याचा दोनशे बारा नोंदींचा तक्ता कम्प्युटरमध्ये घातला होता. त्या तक्त्यामुळे ते म्हातारं मशीन नव्यासारखं कापायचं. बाकी सगळी ड्रॉइंग ऑफिसातही होती. हा तक्ता मात्र फक्त त्या टकटकणाऱ्या डिस्कवर होता.

म्हणून ती कॉपी सुखरूप होणं हे माझ्या नोकरीचं काम होतं. त्यांच्या दृष्टीने ती आठ वर्षांची मेहनत होती. हा फरक तेव्हा माझ्या डोक्यातही आला नाही.

मी तडक अण्णासाहेबांकडे गेले. ते हार-नारळांच्या पिशव्या मोजून घेत होते.

"एका दिवसानं काय होतंय, वृषाली?" ते म्हणाले. "नवमीला मी दाढीचं यंत्रसुद्धा बाहेर काढत नाही. हे बघ." आणि त्यांनी खरोखरच हनुवटीवरचे खुंट दाखवले.

"सर, डिस्क कधीही जाईल."

"गेली तर बघू. मामा म्हणतात तर राहू दे."

मामा म्हणतात तर राहू दे. या पाच शब्दांवर त्या कारखान्याचा अर्धा कारभार चालायचा. मी पूजेला न थांबता, प्रसादही न घेता खोलीवर निघून गेले. जाताना वळून बघितलं तर मामांनी कॅबिनेट उघडलं होतं आणि ब्रशने आतली धूळ काढत होते. माझं डोकं असं फिरलं होतं की मी परत जाऊन काही बोललेही नाही.

खरं तर माझी सगळी तयारी शनिवारीच झाली होती. नवी डिस्क मी जुनीच्या शेजारी बसवून जोडून ठेवली होती. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. कॉपी करायची आज्ञा एका ओळीची असते. कुठून उचलायचं आणि कुठे उतरवायचं, एवढंच तिला सांगायचं. ती उलट विचारत नाही. लिनक्समध्ये पहिल्या डिस्कला एसडीए म्हणतात, दुसरीला एसडीबी. मी तपासून बघितलं, जुनी एसडीए होती आणि नवी एसडीबी. दोन्हींवर छापलेले नंबरही टिपून ठेवले. ती ओळ कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून मी चिकटपट्टीने स्क्रीनच्या कडेला लावून ठेवली.

शनिवारीही आमची खडाजंगी झालीच होती. मामा मागे येऊन उभे राहिले होते.

"आधी माझा तेवढा तक्ता कागदावर काढून द्या," ते म्हणाले होते. "मग काय ती कॉपी करा."

"अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरणार आहे, सुतार. तक्ता वेगळा कशाला?"

"असावा म्हणून."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही, एवढंच ना?"

"न्हाई," ते म्हणाले. शेजारचे दोघं खो खो हसले आणि माझे कान तापले. पाच मिनिटांचं काम होतं ते. त्या एका हसण्यापायी मी ते केलं नाही.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला मशीनपाशी आले. बाकीचे लोक बाहेर ट्रकमधून लाकूड उतरवत होते. पलीकडे मोठी करवत सुरू होती. कॅबिनेटला झेंडूचा हार, दारावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि आत दोन्ही डिस्कवर हळदीकुंकवाचे ठसठशीत टिळे. मी ते बघून कपाळाला हात लावला.

मामा आले.

"परवा पूजेला ह्या दोन्ही डब्या भाईर काढल्या व्हत्या," ते म्हणाले. "पाटावर मांडायला."

"काय?"

"परत जाग्यावर लावल्यात. पन वायरींचा आडलाबदल झाला असंल. दोन्ही सारख्याच दिसत्यात. तुमी चालू करायच्या आदी नंबर बघून घ्या."

दीड हातावर उभं राहून त्यांनी हे सांगितलं. करवतीचा आवाज होता, पण मला शब्द अन् शब्द ऐकू आला. आजही येतो.

"चालू डिस्क कुणी पाटावर मांडतं का?" मी म्हटलं. "कुंकू लावून काय होणार होतं, तिची टकटक थांबणार होती?"

"ते ऱ्हाऊ द्या. नंबर बघा."

"मला माझं काम शिकवू नका."

ते गेले. आणि मी काय केलं? कम्प्युटर पेन ड्राइव्हवरून सुरू केला, म्हणजे दोन्ही डिस्क कॉपीसाठी मोकळ्या. डिस्कची यादी मागायला पाच सेकंद लागतात. कुठल्या डिस्कवर माल आहे आणि कुठली कोरी, हे त्या यादीत आंधळ्यालाही दिसेल. एसडीए हे नाव डिस्कचं नसतं, ती ज्या वायरीला असते त्या वायरीचं असतं, हे मला चांगलं माहीत होतं. कॉलेजात मीच दुसऱ्यांना शिकवलं होतं. पण यादी मागितली असती तर मी त्यांचं ऐकलं असं झालं असतं. मी चिठोऱ्यावरची ओळ बघून जशीच्या तशी टाइप केली आणि एंटर दाबलं.

पाऊण तास लागला. आकडे सरकत होते, मी चहा पीत होते आणि मनातल्या मनात अण्णासाहेबांना सांगायचं वाक्य जुळवत होते. कॉपी विनातक्रार पूर्ण झाली. मी पेन ड्राइव्ह काढून कम्प्युटर पुन्हा सुरू केला. काळ्या स्क्रीनवर एकच ओळ आली की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. मी वायरी बदलल्या. तीच ओळ.

मी आधी एक डिस्क बाहेर काढली. नंबर कुंकवाखाली झाकला गेला होता. मी अंगठ्याने कुंकू घासून तो वाचला आणि शनिवारच्या नोंदीशी ताडून पाहिला. मग दुसरीचा. त्याचीही गरज नव्हती. कोऱ्या डिस्कवरचा कोरेपणा मी कणाकणाने, मोठ्या काळजीने, मामांच्या आठ वर्षांवर उतरवला होता.

अण्णासाहेब आले तेव्हा मी दोन्ही डिस्क टेबलावर ठेवून उभी होते. मामाही फडक्याला हात पुसत आले. अण्णासाहेब कधी ओरडत नसत. त्या दिवशीही ओरडले नाहीत, त्याने जास्तच भीती वाटली.

"कसं झालं?"

मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार हे मी ठरवलं नव्हतं. हे मी आजवर स्वतःला हजारदा सांगितलंय आणि ते खोटं आहे. वायरीपासून टेबलापर्यंत यायला मला पाच मिनिटं लागली होती, आणि पाच मिनिटांत माणूस पुष्कळ ठरवतो.

"पूजेच्या वेळी डिस्क बाहेर काढल्या होत्या," मी म्हणाले. "परत लावताना वायरी बदलल्या गेल्या. म्हणून कोरी डिस्क जुनीवर उतरली."

"कुणी काढल्या?"

"सुतारांनी."

यात एकही शब्द खोटा नव्हता. अण्णासाहेबांनी मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे. ते वाट बघत होते हे मला समजलं, आणि मी टेबलाकडे बघत राहिले. अंगठ्याला लागलेलं कुंकू ओढणीच्या टोकाला पुसत राहिले.

"मामा?"

"व्हय," ते म्हणाले. "मीच काढल्या, मीच लावल्या."

"एकतीस वर्षं झाली तुम्हाला इथं. ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नये एवढं कळू नये?" अण्णासाहेबांचा आवाज चिरका झाला. "पंपवाल्यांचे पॅटर्न आठवड्यावर आलेत. त्यांना मी काय सांगू? कुंकू लावत बसलो होतो म्हणून सांगू?"

मामा फडक्याची घडी घालत राहिले.

"उद्यापासून तुम्ही लाकडाचं गोदाम बघा. मशीनला हात लावायचा नाही."

"तक्ता परत घालून देतो," मामा म्हणाले. "कुटं कुटं मोजायचं ते आता पाठ हाय. तीन दिवस लागतील. मग जातो."

"गोदामात?"

"घरला."

अण्णासाहेबांनी मान हलवली आणि निघून गेले. मग मला वाटलं की आता हा माणूस माझा गळा धरणार. मी तयारही होते, तोंडात उत्तर होतं. मामा फक्त एवढंच म्हणाले, "तुझं ते लिनक्स का फिनक्स नव्या डिस्कवर घालून ठेव. उद्या सातला ये. वही आन."

मॅडम गेलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'तू' झाले, आणि तो जवळिकीचा तू नव्हता.

तीन दिवस आम्ही त्या मशीनपाशी समोरासमोर होतो. ते डायल लावायचे, मशीन पंचवीस मिलिमीटर सरकवायला सांगायचे, डोळा बारीक करून काटा वाचायचे आणि आकडा बोलायचे. मी लिहायचे. एकदा वाचून त्यांचं समाधान नव्हतं. तीनदा तेच, मग पुढे. चहासुद्धा ते आपला आपण जाऊन पिऊन यायचे. बाकीचे लोक माझ्याकडे बघायचे, कुणी काही बोलायचे नाही. डबा खायला मी बसले की बाक रिकामं व्हायचं.

"शून्य पॉइंट शून्य सात. लिही."

"लिहिलं."

"वाचून दाखव."

"शून्य पॉइंट शून्य सात."

"पुढं."

असं दिवसभर. मला त्यांचा इतका राग यायचा की पेन कागदात रुतायचं. असा राग की जो आपलं चुकलेलं असलं की जास्तच येतो. त्यांनी एकदा तरी शिवी द्यावी असं मला वाटायचं. शिवी दिली असती तर हिशेब सरळ झाला असता.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी डायल लाकडी पेटीत ठेवला, पेटी बंद केली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अजून काय लिवायचं ऱ्हायलंय?"

मी वही चाळली. सत्तर नोंदी झाल्या होत्या. "नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. पेटी बंद केली. "अजून काय लिवायचं ऱ्हायलंय?"

"आजचं सगळं झालं."

"बघ एकदा."

"झालं म्हटलं ना."

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला दोनशे बारावी नोंद झाली. मी तक्ता कम्प्युटरमध्ये घातला, नोंद अन् नोंद त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून तपासली. मशीनवर एक चौकोनी तुकडा कापून घेतला, मापला. बिनचूक होता. अण्णासाहेब आले, तुकडा हातात फिरवून बघितला आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गेलं विसरा," ते म्हणाले. "गोदाम तर गोदाम, पण या उद्या."

मामा त्यांच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे वळले. पेटी हातात होती, अजून उघडीच.

"अजून काय लिवायचं ऱ्हायलंय?"

आम्ही तिघंच होतो. करवत बंद होती. अण्णासाहेब पुढ्यात उभे होते, एक वाक्य बोललं असतं तर ऐकू गेलं असतं. तेव्हा मला कळलं की हा माणूस तीन दिवस काय विचारतोय. कळूनसवरून मी म्हणाले, "नाही."

त्यांनी पेटी बंद केली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, नंतरही कधी आले नाहीत. महिन्याअखेरीला मला कायम केलं. त्या मशीनपाशी मी सहा वर्षं काढली आणि नाव कमावलं.

पुढे पुण्याला आले. माझ्या हाताखाली जेव्हा जेव्हा कुठली डिस्क कॉपी होते, तेव्हा मी एक नियम केलाय. दोन माणसं उभी राहणार, एकाने डिस्कवरचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने यादीत बघून हो म्हणायचं, मगच एंटर. गेल्या वर्षी माझ्या विभागात नव्याने आलेल्या मुलींनी विचारलं, एवढा सोपस्कार कशाला? मी सांगायला लागले. "आमच्या कारखान्यात एक फोरमन होते, त्यांनी पूजेच्या वेळी वायरी बदलल्या..." आणि सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसू माझ्या तोंडात कडू झालं होतं. अकरा वर्षांनीही मी तेवढंच सांगितलं होतं, अण्णासाहेबांना सांगितलं तेवढंच.

वही माझ्याकडेच होती. दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरला गेले. स्टँडवर बाकावर बसून दोनशे बाराव्या नोंदीखाली एक ओळ लिहिली: 'वायरी बदलल्या असतील, नंबर बघून घ्या, असं मामांनी मला कॉपीच्या आधी सांगितलं होतं.' खाली त्या दिवसाची, दसऱ्यानंतरची तारीख घातली. मग रिक्षा करून शियेला त्यांच्या घरी गेले.

ते अंगणात देव्हाऱ्याच्या खांबाला रंधा मारत बसले होते. केस पिकून पांढरे झाले होते, कानावर पेन्सिल होती. मला ओळखायला त्यांना जराही वेळ लागला नाही. बस म्हणाले नाहीत.

"मामा," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. "एक लिहायचं राहिलं होतं."

त्यांनी हात झटकून वही घेतली. डोळ्यांपासून लांब धरून ती ओळ वाचली. मग मागची पानं उलटून आपले आकडे बघितले, एका ठिकाणी बोट ठेवून थांबले, आणि पुन्हा शेवटच्या पानावर आले.

"सायबांना दावलंस?"

"साहेब गेले, मामा. मार्चमध्ये."

"म्हाईत हाय मला. तिरडीला खांदा दिलाय." त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "मंग आता ही मी कुणाला दावू?"

मी रडले असते तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं, म्हणून रडले नाही.

"ही तारीक खोटी हाय," ते म्हणाले.

"त्याच दिवसाची आहे. मी कॅलेंडर काढून बघितलं."

"त्या दिवशी तू कुटं लिवलंस?" त्यांनी कानावरची पेन्सिल काढून मला दिली. "आजची घाल."

मी अंगणात उभ्या उभ्याच ती तारीख खोडली आणि आजची घातली.

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवली. त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली, वही काखेत मारली, आत गेले आणि दार लावून घेतलं.